घाऱ्या डोळ्यांची की घुबडडोळी? : एका ग्रीक विशेषणाचा गुंता

ओसरी (धागालेखिका)

मंडळी, तीन आठवडे एका शब्दापाशी गाडी अडली आहे. एकटीने डोकं फोडून झालं, आता तुमचं फोडते.

निवृत्तीनंतर मी ग्रीक शिकायला घेतलं, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. व्याकरण कसंबसं मार्गी लागल्यावर भाचीसाठी होमरच्या ओडिसी या महाकाव्याचा पहिला सर्ग मराठीत उतरवायला बसले. सुरुवातीच्या त्रेचाळीस ओळी बऱ्या गेल्या. चव्वेचाळिसाव्या ओळीत देवांचा राजा झ्यूस याला उत्तर द्यायला त्याची मुलगी अथेना तोंड उघडते आणि तिच्या नावाआधी येतं ते विशेषण : ग्लाउकोपिस. 'थेआ ग्लाउकोपिस अथेने'. देवी, ग्लाउकोपिस, अथेना.

शब्दाचे दोन तुकडे आहेत. मागचा 'ओपिस' म्हणजे डोळ्यांची किंवा चेहऱ्याची. त्यावर वाद नाही. वाद पुढच्या 'ग्लाउक'वर. ग्रीकमध्ये 'ग्लाउक्स' म्हणजे छोटं घुबड, आपल्या पिंगळ्याचं सख्खं भावंड. आणि 'ग्लाउकोस' हे विशेषण आहे, त्याचा अर्थ चकाकणारा, आणि नंतरच्या काळात राखाडी-निळसर-हिरवट, म्हणजे आपण डोळ्यांना घारे म्हणतो तसा काहीसा. मग अथेना कोण? घुबडाच्या डोळ्यांची, घुबडाच्या तोंडाची, चमकत्या डोळ्यांची, की घाऱ्या डोळ्यांची? इंग्रजी भाषांतरं चाळली तर प्रत्येकाने आपापल्या मनाने काहीतरी ठोकून दिलंय.

त्यात वर आणखी एक गाठ. 'ग्लाउक्स' पक्ष्यावरून 'ग्लाउकोस' रंग आला की रंगावरून पक्षी? व्युत्पत्तीच्या कोशांत यावर एकमत नाही. आपल्याकडे दोन्ही वाटा रोजच्या वापरातल्या आहेत. पोपटी, मोरपिशी, पारवा हे रंग पक्ष्यांवरून आले. उलट पिंगळा हा पक्षी पिंगट रंगावरून. ग्रीकांच्या घुबडाने यातली कुठली वाट धरली?

मला निबंध लिहायचा नाहीये. एक मराठी शब्द हवाय, भाचीने 'म्हणजे काय गं?' विचारलं तर सांगता येईल असा.

लवंगी

'उल्लूनयना' लिहून मोकळ्या व्हा. भाची आयुष्यभर विसरणार नाही.

शंकेखोर

ओसरीताई, तुम्ही शब्दाला नको तितका भाव देताय. होमरची काव्यं तोंडी परंपरेतली आहेत, आणि या विशेषणांचं पहिलं काम ओळीची मात्रा भरणं. मिलमन पॅरी या अभ्यासकाने १९२८मध्ये हे सविस्तर मांडलं. 'ग्लाउकोपिस अथेने' म्हटलं की ओळीच्या शेवटची एक ठरावीक जागा बरोब्बर भरते. जागा थोडी कमी असेल तर तीच बाई 'पाल्लास अथेने' होते. डोळे तेव्हा कुठे जातात? कुठेच नाही, वृत्तात मावले नाहीत इतकंच. आपल्याकडे 'सावळा विठ्ठल' म्हणताना दर वेळी कोणी कातडीच्या रंगाचा विचार करतं का?

दुसरं, होमरमध्ये 'ग्लाउक्स' हा पक्षी एकदाही येत नाही. ओडिसीतल्या कॅलिप्सो या अप्सरेच्या गुहेपाशी घुबडं बसलेली आहेत, पण त्यांना शब्द वेगळा, 'स्कोप्स'. आणि अथेना पक्षी होऊन उडते तेव्हा काय काय होते पाहा. ओडिसीच्या तिसऱ्या सर्गात मोठा शिकारी पक्षी, बाविसाव्यात पाकोळी होऊन आढ्यावर जाऊन बसते, होमरच्याच इलियडच्या सातव्यात अपोलो देवाबरोबर गिधाडासारखी ओकच्या झाडावर. घुबड कधीच नाही. पक्ष्याचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

ओसरी

सावळ्या विठ्ठलाचं उदाहरण आवडलं, पण ते तुमच्यावरच उलटतं. रोज म्हणताना रंग डोळ्यांपुढे येत नसेल, पण एखादा अभंग असा येतो की 'सावळा' शब्दावर माणूस थांबतो. होमरमध्येही तसं होतं. इलियडचा पहिला सर्ग घ्या. ग्रीक वीर अकिलीस रागाने तलवार उपसतोय, मागून अथेना येते आणि त्याचे केस धरून ओढते. तो वळतो आणि ओळखतो, कशावरून? दोनशेव्या ओळीत लिहिलंय : तिचे डोळे भयंकर झळकले. आणि सहाच ओळींनी, २०६मध्ये, उत्तर देते ती 'थेआ ग्लाउकोपिस अथेने'. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढची ती झळक सहा ओळींत विझली असेल का?

गिधाड-पाकोळीचा मुद्दा मात्र मान्य. हा मला माहीत नव्हता, धन्यवाद.

पाणथळ

पक्षी बघण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे दोन पैसे.

ज्याला ग्रीक 'ग्लाउक्स' म्हणत ते बहुधा अथेने नोक्चुआ. पक्षिशास्त्राने गणाचं नावच देवीवरून ठेवलं, १८२२ साली. आपला पिंगळा त्याच गणातला, अथेने ब्रामा. म्हणजे तुमच्या अंगणातल्या शेवग्यावर बसून संध्याकाळी जो चिरर्र चिरर्र भांडतो, त्याचं कागदोपत्री नाव अथेना आहे.

आता डोळे. दोघांचेही डोळे पिवळे असतात. लिंबासारखे, स्वच्छ पिवळे. राखाडी नाहीत, निळे नाहीत, हिरवट तर मुळीच नाहीत. 'ग्लाउकोस' म्हणजे घारा असा रंग धरला, तर घुबडाच्या डोळ्यांशी तो जुळतच नाही. मग घुबडाला ते नाव रंगावरून मिळालेलं नसणार. मिळालं असेल तर नजरेवरून. पिंगळा दिवसाउजेडी ढोलीतून तोंड बाहेर काढून तुमच्याकडे टक लावतो, मान खाली-वर करतो, पुन्हा टक लावतो. ज्याने एकदा अनुभवलंय त्याला 'चकाकणारा' हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

होमरमध्ये ते क्रियापदही आहे ना? सिंहाबद्दल?

ओसरी

आहे! इलियड, विसावा सर्ग. जखमी सिंह उलटतो तेव्हा तो 'ग्लाउकिओओन', डोळ्यांतून आग ओकत, सरळ अंगावर येतो. तिथे रंगाचा संबंधच नाही. आणि नुसतं 'ग्लाउकोस' विशेषण होमरमध्ये येतं ते समुद्राला. अकिलीसचा मित्र पात्रोक्लोस चिडून त्याला म्हणतो की तू आईबापांचा नाहीसच, तुला ग्लाउके समुद्राने आणि उभ्या कड्यांनी जन्म दिला. भांडणात कोणी 'छान निळसर समुद्र' म्हणत नाही. चकाकणारा, थंड, निर्दय समुद्र.

चष्मेबद्दूर

माझा धंदा डोळ्यांचा, म्हणून नाक खुपसतो.

ग्लॉकोमा हा शब्द याच 'ग्लाउकोस'मधून आलाय. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसच्या नावाने चालणाऱ्या सूत्रांमध्ये म्हाताऱ्यांच्या आजारांची यादी आहे, त्यात 'ग्लाउकोसिस' येतं. बुबुळाआडून दिसणारी निळसर-राखी झाक, आणि गेलेली दृष्टी. तेव्हा मोतीबिंदू आणि काचबिंदू असा आजच्यासारखा भेद नव्हता, सगळं एकाच पोत्यात. डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते, ही समज फार पुढची.

गंमत अशी की ज्या शब्दाने देवीच्या डोळ्यांची झळाळी सांगितली, तोच काही शतकांत दवाखान्यात आंधळेपणाचं नाव झाला. रंग राहिला आणि चमक गेली.

मराठी 'काचबिंदू' हा शब्द मला नेहमी फार बरोबर वाटत आलाय. काचेसारखी चमकही आहे त्यात आणि निर्जीवपणाही. विशेषणासाठी उपयोग नाही, मान्य.

(जाता जाता : चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब तपासून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर टाळाटाळ नको. हा आजार सहसा दुखत नाही, हाच त्याचा कावा.)

शंकेखोर

सिंह, समुद्र, आजार, सगळीकडे रंग किंवा चमक. घुबड कुठेच नाही. मी हेच म्हणत होतो.

जहाजी

शंकेखोर, जरा दमानं. शब्दाची घडण बघा. झ्यूसच्या राणीला, हेराला, होमर 'बोओपिस' म्हणतो, गायीच्या डोळ्यांची. 'बो' म्हणजे गायबैलच, तिथे कोणी रंग शोधत नाही. जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं ती हेलन स्वतःला शिवी देते 'क्युनोपिस', कुत्रीच्या डोळ्यांची, म्हणजे निर्लज्ज. गाय चालते, कुत्री चालते, मग घुबडाने काय घोडं मारलंय?

शंकेखोर

आणि ओडिसीच्या बाराव्या सर्गात समुद्रदेवी आम्फित्रिते 'क्युआनोपिस' आहे, गडद निळ्या डोळ्यांची. तो सरळ रंग. म्हणजे साचा दोन्ही प्रकारचा आहे आणि साच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जहाजी

एवढं मान्य केलंत तरी पुष्कळ झालं. आधी तर निकालात काढलं होतंत.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात जहाज बरेचदा दुरुस्तीला लागायचं. सुट्टी मिळाली की मेट्रोने अथेन्स. तिथे नाण्यांचं एक संग्रहालय आहे, भर शहरात, एका देखण्या जुन्या हवेलीत. ती हवेली हाइनरिश श्लीमानची. तोच, ट्रॉय खणणारा. १८८०च्या सुमारास बांधून झाली, नाव 'इलिऊ मेलाथ्रोन', ट्रॉयचा महाल.

या धाग्यात श्लीमान यायलाच हवा, कारण 'घुबडतोंडी' या पक्षाचा सगळ्यात मोठा वकील तोच. १८७१पासून तुर्कस्तानात हिसार्लिकला, म्हणजे ट्रॉयच्या जागी, खणताना त्याला मातीची भांडी सापडली, गळ्यावर दोन गोल डोळे, मध्ये चोचीसारखं नाक, खाली स्तनांचे उंचवटे. गडी हरखला. म्हणाला, हीच होमरची ग्लाउकोपिस! घुबडाच्या तोंडाची देवी! मग त्याला प्रत्येक मडक्यावर घुबड दिसायला लागलं. पुढच्या अभ्यासकांनी शांतपणे सांगितलं की बाबा रे, हे माणसाचे चेहरे आहेत, कुंभाराने चिमटीने नाक ओढलंय, इतकंच. शिवाय ती भांडी होमरच्या हजाराहून जास्त वर्षं आधीची.

आणि आता त्या माणसाच्या घरात, त्याच्याच दिवाणखान्यांत, काचेआड घुबडांची चांदीची नाणी मांडून ठेवलीत. मी तिथे उभा राहून एकटाच हसलो होतो, रखवालदार बघत राहिला.

खणखणीत

नाण्यांचा विषय निघाला आणि मी गप्प बसेन?

अथेन्सचं टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राख्मांचं नाणं, वजन सुमारे १७.२ ग्रॅम, चांदी लॉरियनच्या खाणीतली. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना. दुसरीकडे घुबड, अंग आडवं पण तोंड थेट तुमच्याकडे, बाजूला ऑलिव्हची डहाळी आणि अक्षरं 'अथे'. लोक या नाण्यांना सरळ 'ग्लाउकेस' म्हणत, घुबडं. कोणी विचारलं खिशात किती आहेत, तर दहा घुबडं.

आरिस्तोफानेसच्या 'पक्षी' या नाटकात (इ. स. पू. ४१४) पक्ष्यांचा गायकवृंद परीक्षकांना लाच देऊ करतो : आम्हाला बक्षीस द्या, लॉरियनची घुबडं तुमच्या घरी राहायला येतील, तुमच्या बटव्यात घरटी करतील आणि चिल्लर पिल्लं काढतील. त्याच नाटकात 'अथेन्सला घुबड कोणी आणलं?' हा टोमणाही आहे. अर्थ रत्नागिरीला आंबे घेऊन जाण्यासारखा.

पण माझा लाडका किस्सा प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराचा. अथेन्सविरुद्धचं युद्ध जिंकल्यावर स्पार्टाचा सेनापती लिसान्द्रोस पैशांच्या थैल्या गिलिप्पोस नावाच्या सरदाराबरोबर घरी पाठवतो. गिलिप्पोस थैल्यांची खालची शिवण उसवतो, थोडी थोडी चांदी काढतो, पुन्हा शिवतो, आणि माल घराच्या कौलांखाली दडवतो. बिचाऱ्याला माहीत नव्हतं की प्रत्येक थैलीत आकड्याची चिठ्ठी आहे. हिशेब लागेना. तेव्हा त्याचाच एक नोकर अधिकाऱ्यांना कोड्यात सांगतो : केरामेइकोसखाली बरीच घुबडं झोपलीत. केरामेइकोस ही अथेन्सची कुंभारवस्ती, आणि 'केरामोस' म्हणजे कौल. अधिकाऱ्यांना उमगलं, कौलं काढली, घुबडं सापडली.

ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही तेच जुनं घुबड आहे, घासाघीस करताना द्यावं लागतं.

एक नातं आपल्याकडचंही आहे. मिनांडर नावाचा यवन राजा, म्हणजे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला मिलिंद. त्याच्या चांदीच्या नाण्यांचा एक प्रकार आहे, पुढे शिरस्त्राणातली अथेना, मागे घुबड. पुढची अक्षरं ग्रीक, मागची खरोष्ठी, 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. आपल्या प्रत्येक गल्लीत एक तरी मिलिंद असतो. त्याला सांगा, तुझ्या नावाच्या राजाने घुबड चालवलं होतं.

लवंगी

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मिलिंद आहेत. सांगणार नाही. त्यांना आधीच लोक मागून काहीतरी म्हणतात.

तापीकाठ

मी शहाद्याचा. घुबडावर इतकी चर्चा झाली आणि वनपिंगळ्याचं नाव कोणी काढलं नाही, म्हणून खास लॉगिन केलं.

१८७२च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडच्या बाजूला एक पिंगळा मारून पाठवला. ए. ओ. ह्यूमने (हो, तोच, काँग्रेसवाला) १८७३मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव दिलं : हेटेरोग्लाउक्स ब्लेविटी. 'हेटेरो' म्हणजे वेगळा, 'ग्लाउक्स' तुमचाच. मग खानदेशात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याला आणखी काही मिळाले, शेवटचा १८८४चा. त्यानंतर सव्वाशेला बारा कमी, ११३ वर्षं हा पक्षी कोणाला दिसला नाही. लोक म्हणाले संपला.

मध्येच एक भानगड होती. माइनर्ट्झहागेन नावाच्या कर्नलने १९१४चा एक नमुना दाखवला होता, गुजरातेतला म्हणून. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा कळलं की संग्रहालयातूनच चोरलेला जुना नमुना पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावून परत ठेवलाय. (वर गिलिप्पोसची थैली वाचून मला हेच आठवलं. शिवण उसवायची आणि पुन्हा शिवायची, चोर सगळीकडे सारखे.) ती खोटी नोंद बाद केल्यावर शोधायचं कुठे ते स्पष्ट झालं, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या जागी. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी, आमच्या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, एका उघड्या फांदीवर तो बसलेला सापडला. भर उजेडात. हा दिवसा हिंडतो.

नंतर मेळघाटात मिळाला, २०१४मध्ये मुंबईच्या इतक्या जवळ तानसात. आता अलीकडच्या जनुकीय अभ्यासाने सांगितलं की तो फारसा 'वेगळा' नाही, अथेने गणातलाच आहे. म्हणजे ह्यूमने दिलेलं 'ग्लाउक्स' गेलं आणि देवीचं नाव आलं.

शब्दाबद्दल मला काही कळत नाही. पण आमच्याकडे म्हातारी माणसं अजून 'पिंगळा बोलला' म्हणतात, आणि पहाटे दारात येणारा पिंगळा जोशीही मी लहानपणी पाहिलाय, हातात कंदील, खांद्यावर झोळी. तो म्हणे पक्ष्याची भाषा ऐकून भविष्य सांगायचा. पक्षी, माणूस आणि वेळ, तिघांना एकच नाव. तेव्हा कोणावरून कोणाचं पडलं हे विचारायचं आमच्या कधी मनातही आलं नाही.

ओसरी

तापीकाठ, तुमच्या शेवटच्या दोन ओळींनी माझे तीन आठवडे वसूल झाले.

शकुनाचं ग्रीकांकडेही होतं, फक्त दिशा उलटी. इराण्यांशी झालेल्या सालामिसच्या आरमारी लढाईआधी अथेन्सचा सेनापती थेमिस्तोक्लेस जहाजावरून बोलत असताना उजवीकडून एक घुबड आलं आणि डोलकाठीच्या दोरखंडांवर बसलं, तेव्हा कुठे लोक लढायला तयार झाले, असं प्लुटार्क सांगतो. सिसिलीतल्या सिराक्यूजचा सत्ताधीश आगाथोक्लेस याने तर शकुन तयारच करून आणले. इ. स. पू. ३१० मध्ये आफ्रिकेत कार्थेजविरुद्ध उभं असताना त्याने लपवून आणलेली घुबडं सैन्यात सोडून दिली. ती जाऊन ढालींवर आणि शिरस्त्राणांवर बसली, सैनिकांना वाटलं देवी आली, आणि ते जिंकले. आपल्याकडे लढाईआधी ढालीवर घुबड बसलं असतं तर अर्धं सैन्य घरी गेलं असतं.

शंकेखोर

मी हट्टी असलो तरी अप्रामाणिक नाही, म्हणून स्वतःच्या बाजूचा एक पक्का पुरावा आणि विरुद्ध बाजूचा एक, दोन्ही टाकतो.

माझ्या बाजूचा : तत्त्वज्ञ एम्पेदोक्लेस चंद्राला 'ग्लाउकोपिस' म्हणतो. चंद्राला घुबडाचं तोंड नाही. तिथे अर्थ चमकत्या चेहऱ्याचा, बस्स. प्रवासवर्णनकार पौसानियासनेही अथेन्समध्ये अथेनेची एक मूर्ती पाहिली, तिचे डोळे ग्लाउकोस होते, आणि तो कारण देतो की लिबियाच्या लोकांच्या मते ती पोसेइदोनची मुलगी, म्हणून समुद्रासारखे डोळे. त्याने घुबडाचं नावही घेतलं नाही.

विरुद्ध बाजूचा : अथेन्सच्या माणसाच्या खिशात रोज घुबड, डोंगरावर अथेना, आणि कानावर रोज 'ग्लाउकोपिस'. शब्द कुठूनही आलेला असो, इ. स. पू. पाचव्या शतकात ऐकणाऱ्याला त्यात पक्षी ऐकू येत नसेल, असं मी म्हणू शकत नाही. मुळात नसलेलं घुबड मागाहून येऊन शब्दात बसलं.

पाणथळ

हे पटलं. ऑलिव्हचंही तसंच झालं का? नाटककार सोफोक्लेस ऑलिव्हच्या पानाला ग्लाउकोस म्हणतो असं वाचलंय.

ओसरी

हो, 'कोलोनसचा ईडिपस'मध्ये. ऑलिव्हचं पान वरून हिरवं, खालून रुपेरी. वारा आला की अख्खं झाड क्षणभर उजळतं. म्हणजे देवी, तिचं झाड, तिचा पक्षी, तिघांवर एकाच शब्दाचा उजेड. (वनस्पतीशास्त्रात 'ग्लाउका' नावाची झाडं असतात ती याच शब्दाने, पानावर पांढुरकी साय असलेली.)

आता माझा शब्द. दोन उमेदवार उरलेत. 'पिंगाक्षी' आणि 'घाऱ्या डोळ्यांची'.

पिंगाक्षीत पक्षी आहे, पण रंग पार वेगळा, तांबूस-पिवळट. संस्कृत वजनाने जडही होतो. 'घाऱ्या डोळ्यांची' बोलीतला आहे, भाचीला लगेच कळेल, आणि कानाला त्यात घार ऐकू येते. घुबड नसलं तरी पक्षी आहेच.

शंकेखोर

घार आणि घारा यांचं नातं कानाला पटतं म्हणून खरं धरू नका. शब्दकोशात शेजारी राहणारे सगळे एका घरातले नसतात.

पाणथळ

त्याहून मोठी अडचण सांगू? घारीचे डोळे घारे नसतात. आपल्या नेहमीच्या घारीचे डोळे गडद तपकिरी, लांबून काळेच दिसतात. कापशी घारीचे तर लालभडक.

ओसरी

पाणथळ, तुम्ही मला अडवायला आलात आणि दार उघडून गेलात.

ग्लाउक्सचे डोळे ग्लाउकोस नाहीत, आणि घारीचे डोळे घारे नाहीत! तरी शब्द ऐकला की दोन्हीकडे पक्षी डोळ्यांपुढे येतो, कारण आठवते ती नजर. वरून, न हलता, रोखलेली. मला इतकी तंतोतंत जुळणारी चूक दुसऱ्या कुठल्या शब्दात मिळणार नाही. 'घाऱ्या डोळ्यांची' पक्कं.

चव्वेचाळिसावी ओळ अशी झालीय :

'तेव्हा त्याला उत्तर दिलं देवीनं, घाऱ्या डोळ्यांच्या अथेनेनं.'

चष्मेबद्दूर

छान. 'रोखल्या डोळ्यांची' सुचवणार होतो, पण हे बरं.

लवंगी

उल्लूनयनाचं मत मोजलं नाही, निषेध.

शंकेखोर

ठीक आहे. पण हेच विशेषण सर्गात पुन्हा पुन्हा येणार. दर वेळी 'घाऱ्या डोळ्यांची' लिहिणार? भाची कंटाळेल.

ओसरी

लिहिणार. सावळ्या विठ्ठलाचा कंटाळा आला का कोणाला?

जहाजी

आणि हेरा आली की? 'गायीच्या डोळ्यांची' लिहिलंत तर मराठीत ते कौतुक वाटेल की आहेर?

ओसरी

हेरा ओडिसीत जेमतेम डोकावते. इलियड मी उगाच नाही टाळलं.